अध्यक्षाने तज्ज्ञांचं किती ऐकावं: वहीच्या एका पानावर निर्णय कसा तपासायचा

रेणापूरहून रविवारी सकाळच्या एसटीने येणारा एक मुलगा आहे. मागच्या महिन्यात वही उघडून बसला आणि म्हणाला, "मॅडम, एकदाच काय ते सांगून टाका. परराष्ट्र धोरणात अध्यक्षानं तज्ज्ञांचं ऐकावं का नाही? मी लिहून घेतो."

मी लिहून दिलं नाही. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दर रविवारी गच्चीवर स्पर्धा परीक्षेची आणि वादविवाद स्पर्धेची मुलं बसतात. या प्रश्नावर ती काय लिहितात ते मला पाठ झालं आहे: 'तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा, परंतु अंतिम निर्णय नेतृत्वाने स्वतः घ्यावा.' वाक्य चुकीचं नाही, पण ते कशालाही लागू पडतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली क्युबात तोंड पोळून घेतलं तेही त्यात बसतं, आणि १९६२ साली त्याच क्युबावरून पेटू पाहणारं अणुयुद्ध टाळलं तेही बसतं. ही दोन वर्षं एकमेकांपासून वेगळी काढता येत नसतील तर त्या उत्तराचा उपयोग काय?

म्हणून मी मुलांकडून वहीचं एक पान करून घेते. एक निर्णय, एक पान. ते कसं करायचं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. इथे 'अध्यक्ष' म्हणजे आपले राष्ट्रपती नव्हेत. आपल्या घटनेच्या कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना लागू होत नाही. आपल्याकडे तो पंतप्रधानांना विचारायचा. अमेरिकेत मात्र अध्यक्ष हाच सरसेनापती आणि तोच कार्यकारी प्रमुख. सल्ला द्यायला परराष्ट्र खातं आहे, तिन्ही दलांचे प्रमुख आहेत, १९४७ च्या कायद्याने आलेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि सीआयए ही गुप्तचर संस्था आहे. सल्ल्याची टंचाई त्याला कधीच नसते. टंचाई असते ती योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारण्याची.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, दादाच्या शेतात कळलं.

दादाची बोअर

रेणापूर तालुक्यात आमच्या दादाची सहा एकर जमीन आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा मी स्टेशनावर जाऊन पाहून आले होते. त्याच उन्हाळ्यात दादाने दोन बोअर घेतल्या.

पहिली पाणाड्याच्या सांगण्यावरून. तळहातावर नारळ आडवा धरून तो बांधाबांधाने फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, आणि म्हणाला, "तीनशे फुटाला धो धो." साडेपाचशे फुटांपर्यंत गेलो, नुसता फुफाटा निघाला.

मग मी हट्ट धरला की शिकलेला माणूस बोलवू. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून खालचा खडक ओळखणारं यंत्र घेऊन एक भूवैज्ञानिक आले. दिवसभर तारा ओढून मोजमाप केलं आणि नकाशावर एका जागी फुली मारून म्हणाले, "इथे चांगली शक्यता आहे." दादाने दुसऱ्या दिवशी गाडी लावली. चारशे वीस फूट, आणि पुन्हा कोरडी. वहिनीच्या पाटल्या त्या दोन भोकांत गेल्या.

सहा महिन्यांनी ते भूवैज्ञानिक एका लग्नात भेटले. मी विचारलं, "चांगली शक्यता म्हणजे दहात किती होती?" ते जराही न अडखळता म्हणाले, "आपल्याकडच्या काळ्या पाषाणात? दहात चार. तुम्ही विचारलंच नाही."

ते खरंच बोलत होते. त्यांनी फसवलं नव्हतं. त्यांच्या 'चांगल्या'चा अर्थ चार होता, दादाने ऐकलेल्या 'चांगल्या'चा अर्थ नऊ होता, आणि मधलं अंतर कुणी मोजलं नाही. शिवाय दहात चार असतानाही पाटल्या मोडाव्यात का, हे त्यांचं यंत्र सांगू शकत नव्हतं. तो प्रश्न दादा-वहिनीचा होता. ते दोघं मात्र तो भूवैज्ञानिकांवर टाकून मोकळे झाले होते.

आता पान आखायला घ्या.

पानाच्या माथ्यावर तारीख

'केनेडींचं परराष्ट्र धोरण' असा विषय घेऊ नका. तारखेसह एकच निर्णय घ्या: '१७ एप्रिल १९६१, क्युबात पिग्सच्या उपसागरात माणसं उतरवणे.' तारीख घातली की आपोआप शिस्त येते, कारण त्या तारखेनंतर कळलेलं काहीही पानावर येऊ द्यायचं नाही. मुलं सगळ्यात जास्त इथेच घसरतात. निकाल माहीत असल्यामुळे कोण शहाणा होता ते त्यांना आधीच ठाऊक असतं.

मग तीन रकाने पाडा: 'काय आहे?', 'काय होईल?', 'काय करावं?'. अध्यक्षापुढे आलेला प्रत्येक सल्ला या तिघांपैकी कुठे पडतो ते ठरवून तिथे लिहा. एकाच तज्ज्ञाच्या एकाच वाक्यात कधी कधी तिन्ही गुंफलेले असतात. ते सोडवून काढणं हेच या पानाचं निम्मं काम आहे.

'किती ऐकावं' याचं माझं उत्तर या रकान्यांप्रमाणे बदलतं. पहिल्या रकान्यात अध्यक्षाने जवळजवळ पूर्णपणे तज्ज्ञांवर विसंबावं, मात्र त्या नेमक्या गोष्टीच्या तज्ज्ञावर. दुसऱ्यात ऐकावं, पण आकड्यात ऐकावं आणि एकाहून जास्त जणांकडून. तिसऱ्या रकान्यात मात्र तज्ज्ञाचं मत इतरांसारखंच एक मत. तिथे लोकांनी निवडून दिलेला माणूसच जबाबदार असतो आणि ती जबाबदारी त्याला दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

शब्दांचे आकडे करा

पिग्सच्या उपसागराचं पान मी नेहमी पहिलं करून घेते. सीआयएने सुमारे १,४०० क्युबन निर्वासितांना शिकवून तयार केलं होतं. त्यांनी किनाऱ्यावर उतरायचं, लोक उठाव करतील, कॅस्ट्रोंची सत्ता जाईल, अशी कल्पना. नवे अध्यक्ष केनेडी यांनी योजनेवर सैन्यदलप्रमुखांचं मत मागवलं. उत्तर आलं की यशाची 'बऱ्यापैकी शक्यता' आहे. ज्या अधिकाऱ्याने हे मूल्यमापन केलं होतं, त्याने पुढे सांगितलं की त्याच्या मनात शंभरात तीस होते. म्हणजे शंभरात सत्तर वेळा अपयश. कागदावर आकडा नव्हताच. केनेडींनी 'बऱ्यापैकी' वाचलं. आमच्या दादानेही तेच केलं होतं.

सीआयएमध्ये शर्मन केंट नावाचे एक मूळचे इतिहासाचे प्राध्यापक होते. १९५१ साली त्यांच्या विभागाने लिहिलं होतं की सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' मानली पाहिजे. परराष्ट्र खात्यातल्या एकाने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, माझ्या मते शंभरात पासष्ट. ऐकणारा चकित झाला, कारण त्याने 'गंभीर'चा अर्थ याहून बराच कमी धरला होता. मग केंट यांनी त्या मसुद्यावर एकत्र काम केलेल्या सहकाऱ्यांना विचारलं. कुणी वीस म्हणालं, कुणी ऐंशी. एकाच वाक्याला सगळ्यांनी मान डोलावली होती, आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं काही होतं.

आपल्या भागातल्या मुलांना हे समजावणं अवघड जात नाही. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि कोंब मोजतात. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरायला ठीक, कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. दुकानदार 'बियाणं एक नंबर आहे' म्हणाला म्हणून कुणी गोणपाट टाळत नाही. पान करताना 'दाट शक्यता', 'नाकारता येत नाही', 'विश्वसनीय' असे शब्द दिसले की त्याखाली लाल रेघ मारा आणि शेजारी लिहा: दहात किती? उत्तर मिळालं नाही तर तसं लिहा. ती कोरी जागाच पुष्कळ बोलते.

बोअरच्या गाडीवाल्याला पाणी लागेल का विचारू नका

बोअरची गाडी फुटावर पैसे घेते. तिच्या एजंटला पाणी लागेल का विचारलं तर तो 'अजून पन्नास फूट जाऊ' असंच म्हणणार. त्याला खडक कळत नाही असं नाही, पुष्कळ कळतो. पण खाली जाण्यात त्याचा जीव गुंतलेला असतो.

पिग्सच्या उपसागरात नेमकं हेच झालं. ज्यांनी मोहीम आखली, त्या रिचर्ड बिसेल आणि ॲलन डलेस यांच्याच तोंडून केनेडी मोहीम यशस्वी होईल का ते ऐकत होते. सीआयएमध्येच परदेशांतल्या परिस्थितीचं विश्लेषण करणारा वेगळा विभाग होता, केंट तिथलेच. क्युबात उठाव होईल का, हा त्यांचा रोजचा विषय. गुप्ततेच्या नावाखाली त्यांना विचारलंच गेलं नाही.

आणखी एक गोष्ट या पानावर यायलाच हवी. मूळ योजना त्रिनिदाद नावाच्या गावाजवळ उतरण्याची होती. तिथून फसलं तर एस्कांब्राय डोंगरात शिरून गनिमी काव्याने लढता आलं असतं. गाजावाजा कमी व्हावा म्हणून केनेडींनी जागा बदलायला लावली. नवी जागा होती दलदलीने वेढलेली, आणि तिथून डोंगर सुमारे ऐंशी मैल दूर. सैन्यदलप्रमुखांची 'बऱ्यापैकी शक्यता' जुन्या जागेबद्दल होती. जागा बदलली, सल्ला तोच राहिला, आणि 'डोंगरात निघून जातील' हा दिलासाही कागदावर तसाच राहिला. तीन दिवसांत सगळं संपलं. सुमारे १,२०० माणसं पकडली गेली.

म्हणून प्रत्येक सल्ल्यापुढे दोन बारीक नोंदी करा: हा कोणत्या योजनेबद्दल होता, आणि देणाऱ्याचं त्यात काय गुंतलं होतं.

आता याच्या शेजारच्या पानावर ऑक्टोबर १९६२ घ्या. अध्यक्ष तेच, देश तोच, सल्लागारही बरेचसे तेच. १६ ऑक्टोबरला सकाळी केनेडींना यू-२ या टेहळणी विमानाने काढलेले फोटो दाखवले गेले: क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं बसवली जात होती. इथे पहिला रकाना तज्ज्ञांनी भरला आणि केनेडींनी तो मान्य केला. फोटो वाचणं हे अध्यक्षाचं काम नव्हे. सैन्यदलप्रमुख हवाई हल्ला करा म्हणत होते. २१ तारखेला केनेडींनी हवाई दलाच्या जनरलला थेट विचारलं की हल्ल्यात सगळी क्षेपणास्त्रं नष्ट होतील का. उत्तर आलं की माहीत असलेल्यांपैकी फार तर नव्वद टक्के. या वेळी आकडा कागदावर आला, आणि आकडा आल्याबरोबर उरलेल्या दहा टक्क्यांचा प्रश्न उभा राहिला. ती अमेरिकन शहरांवर सुटली तर? दुसऱ्या दिवशी केनेडींनी नौदलाच्या नाकेबंदीची घोषणा केली.

त्या खोलीत लुएलिन थॉम्पसन नावाचे गृहस्थ होते. मॉस्कोत राजदूत राहिलेले, रशियन जाणणारे, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या घरी राहून आलेले. २७ तारखेला केनेडी निराश होऊन म्हणू लागले की वाटाघाटींनी ही क्षेपणास्त्रं निघणार नाहीत. थॉम्पसन यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की मला तसं वाटत नाही. 'मी क्युबाला वाचवलं' असं ख्रुश्चेव्ह यांना घरी जाऊन सांगता आलं तर ते मागे हटतील. हा दुसऱ्या रकान्यातला सल्ला, आणि तो देणारा माणूस त्या एका माणसाच्या स्वभावाचा जाणकार. केनेडींनी तो ऐकला. पण तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं बदल्यात काढून घेऊ नयेत, असं बहुतेक सल्लागार म्हणत होते, ते त्यांनी ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी भावाकरवी सोव्हिएत राजदूताला गुपचूप शब्द दिला. जुनाट क्षेपणास्त्रांपायी युद्ध ओढवून घ्यायचं का, हा तिसरा रकाना होता. २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली.

पुढे कळलं की क्युबात त्या वेळी चाळीस हजारांहून जास्त सोव्हिएत सैनिक होते, आणि छोटी अण्वस्त्रंही होती. अमेरिकेचा अंदाज सैनिकांबाबत खूप कमी होता, आणि ती अस्त्रं तिथे आहेत हे तर ठाऊकच नव्हतं. हे पानावर लिहायचं नाही, कारण ते नंतर कळलं. पानाच्या मागे लिहा.

सगळ्यात जवळून कुणी पाहिलं?

'तज्ज्ञ' या एकाच शब्दात आपण फार वेगवेगळी माणसं कोंबतो. १९५० च्या कोरियाचं उदाहरण घ्या. ३ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी पेकिंगमधले (आजचं बीजिंग) भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून सांगितलं, की अमेरिकन सैन्य दोन कोरियांमधल्या ३८ व्या अक्षांशाच्या वर आलं तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीमार्गे निरोप वॉशिंग्टनला गेला. तिथे पणिक्कर चीनधार्जिणे मानले जात, म्हणून निरोपही बाजूला पडला. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर अध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना विचारलं की चीन येईल का. शक्यता फारच कमी, असं उत्तर मिळालं. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या.

मॅकआर्थर मोठे सेनानी होते. पण पेकिंगच्या मनात काय आहे हा रणांगणाचा प्रश्न नव्हता. पणिक्करांबद्दल शंका घ्यायची तर घ्या, पण शंका निरोप्यावर असली तरी निरोप दुसऱ्या वाटेने तपासता येतो. त्या पानावर रेणापूरच्या मुलाने लिहिलं होतं, 'डाकिया आवडत नाही म्हणून तार फाडली.' मी त्याला त्या ओळीबद्दल शाबासकी दिली.

इराकचं पान याच धड्याचं आहे, थोडक्यात सांगते. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुबाँबसाठी युरेनियम शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या आहेत, असं सीआयएने धरलं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातले, आयुष्यभर अशाच यंत्रांवर काम केलेले अभियंते म्हणत होते की या साध्या तोफखान्याच्या रॉकेटच्या नळ्या आहेत. ऑक्टोबर २००२ च्या गुप्तचर अहवालात त्यांचं मतभेदाचं म्हणणं छापलेलंही होतं. पण वजन मोठ्या संस्थेच्या मताला मिळालं. नळ्या रॉकेटच्याच निघाल्या. खोलीत आवाज कुणाचा मोठा आहे ते पाहू नका, ती नळी कुणी हातात धरली आहे ते पाहा.

१९७१: एकच अध्यक्ष, एकच वर्ष, दोन पानं

हा माझा सगळ्यात आवडता अभ्यास आहे आणि त्याला दोन रविवार लागतात.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या वर्षी दिवाळीनंतर घरी येणाऱ्या पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट दिसू लागलं. वडील म्हणाले, बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी आहे. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली होती. लातूरच्या घराघरातून जाणाऱ्या पत्रावर त्यांचा भार पडत होता.

त्यांच्यावर काय कोसळलं हे वॉशिंग्टनला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड रोज कळवत होते. ६ एप्रिल १९७१ रोजी त्यांच्या कचेरीतून वीस अमेरिकनांच्या सह्यांची तार गेली, की पाकिस्तानला पाठीशी घालण्याचं आपल्या सरकारचं धोरण आम्हाला मान्य नाही. दिल्लीतले अमेरिकन राजदूत केनेथ कीटिंग यांचंही म्हणणं तसंच होतं. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी ऐकलं नाही. ब्लड यांना ढाक्यातून हलवलं गेलं.

त्याच वेळी ते दोघं पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्यामार्फत चीनशी बोलणं चालवत होते. ९ जुलैला किसिंजर आजारपणाचं निमित्त करून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेले. स्वतःच्या परराष्ट्र खात्याला त्यांनी यातून जवळपास पूर्ण बाहेर ठेवलं होतं. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले आणि वीसेक वर्षांची कोंडी फुटली.

मुलं विचारतात, मग खात्याला टाळणं बरोबर का चूक? रकाने भरा म्हणजे दिसेल. चीनशी बोलावं का, हा तिसऱ्या रकान्यातला प्रश्न. तिथे निक्सन यांनी स्वतःचं डोकं वापरलं, राजकीय धोका स्वतः पत्करला, आणि तो त्यांचा अधिकार होता. ढाक्याहून ब्लड जे कळवत होते ते मात्र पहिल्या रकान्यातलं होतं: रस्त्यावर, विद्यापीठात, वस्त्यांत माणसं मारली जात आहेत. ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. याह्या खान लागत असल्यामुळे ही माहितीच गैरसोयीची ठरली, आणि तिला भावनाविवश अधिकाऱ्याचं मत समजून बाजूला सारलं गेलं. तिसऱ्या रकान्यातल्या सोयीसाठी पहिला रकाना पुसणं, ही मला अध्यक्षाच्या हातून होणारी सगळ्यात गंभीर चूक वाटते. निक्सन 'लोक मरत आहेत हे मला माहीत आहे, तरीही चीन जास्त महत्त्वाचा' असं उघड म्हणाले असते तर निदान त्यावर वाद घालता आला असता.

म्हणूनच पानाच्या तळाशी एक ओळ राखून ठेवा: 'खरं सांगणाऱ्याचं पुढे काय झालं?' अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात चीनचे पक्के जाणकार होते, जॉन सर्व्हिस, जॉन पेटन डेव्हिस. चीनमधले कम्युनिस्टविरोधी नेते चँग कै शेक हरतील असं त्यांनी आधीच लिहिलं होतं. पन्नासच्या दशकातल्या कम्युनिस्टविरोधी लाटेत दोघांना नोकरीवरून काढलं. दहा-बारा वर्षांनी व्हिएतनामचा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा त्या तोडीची, आशियात मुरलेली माणसं वरच्या खोलीत उरली नव्हती. ती ओळ अशी पुढच्या पानापर्यंत जाते.

घरचं पान

परीक्षेत लागणार नसलं तरी एक पान मी आग्रहाने करायला लावते, कारण ते आपलं आहे. हैदराबादचा निजाम, १९४७-४८. वॉल्टर मॉन्क्टन हे इंग्लंडमधले नामांकित वकील त्याचे घटनात्मक सल्लागार होते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचं शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तेवढ्यात रझाकारांच्या इत्तेहाद-उल-मुस्लिमीन या संघटनेच्या जमावाने त्यांची घरं घेरली. इत्तेहादचा पुढारी कासिम रझवी, आमच्या लातुरात वकिली करणारा. शिष्टमंडळच बदललं गेलं. जून १९४८ मध्ये मॉन्क्टन यांनी दिल्लीकडून मान्य करून आणलेला मसुदाही निजामाने नाकारला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ तारखेला निजामाने हात टेकले. मधल्या वर्षभरात मराठवाड्यातल्या गावांनी काय सोसलं ते आजी सांगायची, ज्वारीच्या कणग्यांत पोरं लपवल्याचं. हे पान करताना पहिल्या रकान्यात लिहा की निजामाला स्वतःच्या सैन्याची खरी ताकद कोण सांगत होतं आणि ते तो कुणाच्या आवाजाखाली ऐकू शकत नव्हता.

निकालावरून गुण देऊ नका

पान भरल्यावर गुण द्यायचे ते निर्णय कसा घेतला याला. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या एका घरात बिन लादेन आहे का, यावर ओबामांना मिळालेले अंदाज चाळीसपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. ओबामांनी मनाशी अर्धी-अर्धी शक्यता धरली आणि तरीही माणसं पाठवली. तो तिथे नसता तरी निर्णयाची रीत तीच राहिली असती, आणि माझ्या हिशेबी गुणही तेच. उलट तज्ज्ञांचं न ऐकता साधलं म्हणून ते नेहमी डावलावेत असंही होत नाही. जून १९८७ मध्ये बर्लिनच्या भाषणातलं 'ही भिंत पाडा' हे वाक्य काढा म्हणून परराष्ट्र खातं रेगन यांच्या मागे लागलं होतं. त्यांनी ठेवलं. पण भाषणात काय बोलावं हा तिसरा रकाना आहे. क्षेपणास्त्रं किती आणि कुठे हे रेगनही तज्ज्ञांनाच विचारत होते.

परीक्षेत हे सगळं अडीचशे शब्दांत बसवायचं असतं. पहिल्या दोन ओळींत तीन रकाने सांगा. मग एकच जोडी घ्या, १९६१-६२ किंवा १९७१ ची दोन पानं, तारखांसह. चार-चार उदाहरणांची नुसती नावं टाकू नका. शेवटी आपलं मत एका वाक्यात, आणि त्यात 'समतोल' हा शब्द नको.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कोरिया घ्यावा. तारखा वर दिल्याच आहेत. पहिला रकाना तासाभरात भरतो. दुसऱ्यात ट्रुमन यांच्यासमोर पणिक्कर, मॅकआर्थर आणि त्यांचं स्वतःचं परराष्ट्र खातं या तिघांची म्हणणी वेगवेगळ्या शाईत लिहा आणि प्रत्येकापुढे दहात किती ते अंदाजाने टाका. तिसरा रकाना रविवारी गच्चीवर बसून भरू. येताना वहीबरोबर नकाशा आणा, यालू नदी दाखवणारा.